दहा लिटरचा कॉम्प्युटर

५ जानेवारी २०२६, सोमवार

ही पतपेढीची डायरी दरवर्षी घरात येते आणि सुगंधा तिच्यात दूधवाल्याचे खाडे लिहिते. यंदा मी मागून घेतली. कारखान्यात शिफ्ट संपली की मी लॉगबुक लिहायचो. कोणतं मशीन बंद पडलं, किती कपाटं झाली, कोणाचं बोट कापलं. निवृत्त होऊन सात महिने झाले, लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं.

श्रुतिकाला कॉम्प्युटर बनवायचा आहे. तयार घ्यायचा नाही, सुटे भाग आणून घरी जोडायचा. ती अंधेरीच्या एका स्टुडिओत अ‍ॅनिमेशन करते. जाहिरातीत बिस्किटं हवेत उडतात ना, ती उडवण्याचं काम आमच्या मुलीचं. आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच करते.

जेवताना म्हणाली, "सगळं घेऊन झालं, फक्त केस राहिली. डोकं फिरलंय."

सुगंधा म्हणाली, "तेल लाव म्हणून कधीपासून सांगतेय."

"ती केस नाही गं आई. डबा. ज्यात सगळे पार्ट बसतात तो पत्र्याचा डबा."

मी हातातला घास खाली ठेवला. एकतीस वर्षं मी पत्र्याची कपाटं केली, शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. या घरात पत्र्याबद्दल कोणाचं डोकं फिरायचं कारण नाही. मी म्हटलं, "केस मी बघतो." तिने आईकडे बघितलं. आईने आमटीकडे.

६ जानेवारी

तिच्या अटी लिहून घेतल्या. केस लहान हवी, दहा ते बारा लिटर. हलकी हवी. वर धरायला हँडल हवं. आणि तिच्या पाठीवरच्या मोठ्या सॅकमध्ये मावली पाहिजे.

केस लिटरमध्ये मोजतात हे मला नवीन होतं. सुगंधाने विचारलं, "त्यात दूध घालूचा आसा काय?" मी तिला समजावलं, की लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, म्हणजे आपले दोन मोठे कुकर. ते तिला लगेच पटलं.

आमचं मुलुंडचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. श्रुतिकाचं टेबल टीव्ही आणि भिंतीच्या मध्ये. मोजलं, बेचाळीस सेंटीमीटर मोकळे आहेत. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "टेबलावर मावायचा प्रश्न नाहीये बाबा. वजनाचा आहे."

बरोबर आहे. टेबल जुनं, प्लायवूडचं. दुपारी खालून दोन लोखंडी अँगल मारून टाकले. आता त्यावर माणूस उभा राहील. ड्रिलचा आवाज सुरू झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन जिन्यात जाऊन बसली. मीटिंग असली की ती नेहमी जिन्यातच बसते. तिथे वारा चांगला लागतो.

१० जानेवारी, शनिवार

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. श्रुतिका, मी आणि नितेश. नितेश तिच्या स्टुडिओतला, कॉम्प्युटरमधलं त्याला कळतं. सावंतवाडीकडचा आहे. बोलायला नम्र. हे मी नोंदवून ठेवतो.

तिथल्या एका रतनशेठच्या दुकानात केस बघितल्या. पत्र्याची जाडी मोजायला मी खिशात व्हर्नियर नेला होता. पहिल्या केसचा पत्रा अर्धा मिलीमीटरसुद्धा भरला नाही. बोटाने दाबला तर आत गेला आणि टक्‌ करून बाहेर आला. दुसरीला एका बाजूला काच. मी विचारलं, "काच कशाला?" रतनशेठ म्हणाले, "आतले लाइट दिसायला." मी विचारलं, "आत लाइट कशाला?" ते म्हणाले, "काचेतून दिसायला." नितेशने मला हळूच पुढच्या रॅककडे नेलं.

तिसऱ्या केसच्या आतल्या कडा घासलेल्याच नव्हत्या. धार तशीच. दाखवायला बोट फिरवलं आणि कापलं. रतनशेठनी बँडेज दिलं. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे असा माल परत जायचा.

श्रुतिकाला एक अ‍ॅल्युमिनियमची आवडली. अकरा लिटर, पावणेतीन किलो, वर हँडल. ती एका हाताने उचलून दुकानात चार पावलं चालून आली आणि हसली. मी स्पष्ट सांगितलं, अ‍ॅल्युमिनियम म्हणजे भांडी. पत्रा म्हणजे लोखंड. काही न घेता परतलो.

१४ जानेवारी

संक्रांत. नितेश तिळगूळ घ्यायला आला होता. जाताना तो आणि श्रुतिका जिन्यात बोलत राहिले. मी चपला आत घेण्यासाठी दारापाशी गेलो होतो, मुद्दाम नाही.

नितेश म्हणाला, "डिपॉझिट भरून टाक. जागा हातची जाईल."

श्रुतिका म्हणाली, "एक मार्च धरलंय. आईला माहितीये. बाबांना कसं सांगू तेच कळत नाही."

मी चपला न घेताच आत आलो.

डिपॉझिट. जागा. एक मार्च. हॉल बुक करताहेत.

१५ जानेवारी

सुगंधाला विचारलं, श्रुतिकाचं नितेशशी काही ठरलंय का. ती बांगडे साफ करत होती. हातातला बांगडा पूर्ण साफ केला. मग म्हणाली, "माका इचारू नकात. तिकाच इचारा." सुगंधा रागावली किंवा घाबरली की हमखास मालवणीत येते. म्हणजे माझा अंदाज बरोबर.

मला वाईट वाटलं ते एवढंच, की मुलीला माझी भीती वाटते. मी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. कारखान्यातली पोरं मला घाबरायची ते वेगळं. मुलगा वाईट नाही. दुकानात त्याने माझा व्हर्नियर परत देताना पुसून दिला होता.

१७ जानेवारी

ठरवलं. केस मी स्वतः बनवणार. लग्नात बाप मुलीला कपाट देतो. मी हे देईन.

धाकूकडे गेलो. धाकू आमच्याच कारखान्यात वेल्डर होता, आता भांडुपला त्याची शेड आहे, ग्रिल आणि गेट करतो. त्याला नकाशा दाखवला. त्याने विचारलं, "मीटरचा बॉक्स आहे काय रे?" मी म्हटलं, कॉम्प्युटर. तो म्हणाला, "मग पत्रा जाडच घेऊ. कॉम्प्युटर महाग असतो."

दोन मिलीमीटरचा घेतला.

२३ जानेवारी

पाच दिवस लिहायला झालं नाही. सकाळी नऊला शेडवर, संध्याकाळी घरी. बेंडिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग. हवा खेळायला दोनशे चाळीस भोकं पाडली, सगळी ओळीत. धाकू म्हणाला, "पुरे." मी म्हटलं, मागची बाजू राहिली. हात भरून आले आहेत, पण भूक कडकडून लागते.

सुगंधा म्हणाली, या आठवड्यात श्रुतिका एकदाही जिन्यात बसली नाही. थंडी असेल.

२५ जानेवारी, रविवार

आज केस घरी आणली. मी आणि धाकूने दोन बाजूंनी धरून. राखाडी पावडर कोटिंग, कपाटाला करतो तेच. पुढे दार, दाराला कपाटाचं क्रोमचं हँडल, किल्लीसकट. वर उचलायला लोखंडी कडी.

श्रुतिका बघतच राहिली. मग तिने कडीला धरून उचलायचा प्रयत्न केला. एका हाताने उचलेना. दोन हातांनी उचलली, वीतभर, आणि खाली ठेवली.

"किती किलो आहे बाबा?"

"रिकामी अकरा. पन्नास वर्षं काही होणार नाही."

तिचे डोळे भरून आले. ती स्वयंपाकघरात गेली आणि सुगंधा तिच्या पाठोपाठ गेली. धाकू मला म्हणाला, "पोरगी गहिवरली रे." आम्ही दोघांनी चहा घेतला.

२६ जानेवारी

आज सगळं सरळ झालं. माझ्या मनावरचं ओझं गेलं.

दुपारी श्रुतिका माझ्याजवळ येऊन बसली आणि टीव्ही बंद केला. म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय. ते केसचं…"

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, "मला सगळं माहीत आहे. एक मार्च. माझी काही हरकत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "खरंच? आई बोलली?"

"आई कशाला बोलायला हवी. मला दिसतं की."

तिने मला मिठी मारली. दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदा. मग मी बापाच्या अधिकाराने चौकशी केली. जागा बघितली का? हो, अंधेरीला, नितेशच्या ओळखीतून मिळाली. कशी आहे? लहान आहे पण हवेशीर. एसी आहे का? एका खोलीत. ती वधूपक्षाची असणार. माणसं किती मावतील?

"तीन," ती म्हणाली.

तीनशे म्हणजे आपल्याला पुरेत. गावाकडून चाळीसेक येतील.

३१ जानेवारी, शनिवार

हे लिहू की नको असं झालं होतं. पण लॉगबुकात ब्रेकडाउन लपवायचं नसतं, हे मीच पोरांना शिकवलं.

नितेशला मी जेवायला बोलावलं. सुगंधाने सुरमई केली. तो दुसऱ्यांदा भात घेत होता तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, "नितेश, आमच्याकडची दीडशे माणसं धरा. मानपानाचं आम्हाला काही नाही. फक्त तुझ्या आईवडिलांची एकदा भेट व्हायला हवी."

नितेशचा हात वाढणीच्या चमच्यावर तसाच राहिला. "कशासाठी, काका?"

"अरे, एक मार्चच्या लग्नासाठी."

"कोणाच्या?"

मी श्रुतिकाकडे बघितलं. ती पांढरी पडली होती. नितेश फार हळू बोलला, "काका, माझं लग्न गेल्या मे महिन्यात झालं. श्रुतिका आली होती. तुम्हाला पण पत्रिका होती."

पत्रिका आली होती. मीच ती टेबलाचा पाय हलतो म्हणून खाली घातली होती.

मग श्रुतिका बोलली. अंधेरीला स्टुडिओजवळ तीन मुली मिळून घर भाड्याने घेताहेत. एक मार्चपासून. शनिवार-रविवार ती इकडे येणार, कॉम्प्युटर सोबत घेऊन, म्हणून केस लहान आणि हलकी हवी होती. "तुम्ही हो म्हणालात बाबा. सोमवारी. मी डिपॉझिट भरलं."

नितेशने भात संपवला नाही. सुरमई मात्र संपवली, बिचारा काय करणार, सुगंधा त्याच्या समोर उभी होती.

१ फेब्रुवारी

काही नाही.

३ फेब्रुवारी

मुलगी लग्न होऊन जाते. शिकायला पुण्याला जाते, परदेशात जाते. पण मुंबईत बापाचं घर असताना मुंबईतच भाड्याने राहायला जाते, हे मी ऐकलेलं नाही. तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तीही टेबलाशी कानावर हेडफोन लावून बसून आहे.

आज सुगंधाला म्हटलं, "तिला इथे काय कमी आहे? टेबलाला अँगल मारून दिले."

सुगंधाने गॅस बंद केला. मग जे बोलली ते इथे लिहितो, शब्द तिचेच.

"आठ म्हयने तुमी घरात आसात. सकाळी आठाक टीव्ही चालू करतात. ड्रिल मारतात, पंखो खोलतात, नळ खोलतात. चेडू जिन्यात बसान काम करता. सायबाचो फोन इलो की जिन्यात. पाय आखडतत तिचे. कधी बगलात?"

मी म्हटलं, "तिथे वारा लागतो म्हणून बसते."

सुगंधा माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला उठावं लागलं.

४ फेब्रुवारी

दुपारी श्रुतिका स्टुडिओत गेलेली. लॅपटॉपच्या जागी मी वर्तमानपत्र घेतलं आणि जिन्यात, ती बसते त्याच पायरीवर, बसलो. घड्याळ लावून एक तास.

वारा अजिबात नाही. खिडकीला जाळी आहे आणि जाळीपलीकडे दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. डास आहेत. लिफ्ट दर दोन मिनिटांनी कण्हते. समोरच्या मालनताई जाता-येता तीनदा भेटल्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "चावी हरवली?" दुसऱ्यांदा, "वहिनी रागावल्या?" तिसऱ्यांदा काही न बोलता त्यांनी पाण्याचा ग्लास आणून दिला.

पस्तिसाव्या मिनिटाला कंबर गेली. चाळिसाव्याला लक्षात आलं, की बंद दारातून आमच्या टीव्हीचा आवाज इथे स्पष्ट ऐकू येतो. उठताना मीच तो चालू ठेवून आलो होतो. बातम्यांतला शब्दन्‌शब्द कळत होता.

तास पूर्ण केला.

७ फेब्रुवारी, शनिवार

एकटाच लॅमिंग्टन रोडला गेलो. रतनशेठनी ओळखलं, बोट बरं आहे का विचारलं.

म्हटलं, "ती अ‍ॅल्युमिनियमची दाखवा. हँडलवाली."

"साहेब, तुम्ही तर भांडी म्हणाला होतात."

"दाखवा."

दुकानात दीड तास होतो. प्रत्येक स्क्रू उघडून बघितला. कडा घासलेल्या होत्या, मान्य करतो. जोड एकसारखे. सामान मोजायचा हुकाचा काटा घरून नेला होता. पावणेतीन किलो म्हणतात, भरली दोन किलो आठशे वीस. हँडल दोन स्क्रूंवर आहे. ते मला पुरेसं वाटलं नाही. हँडलला काटा अडकवून जोर लावला, वीस किलोपर्यंत. रतनशेठ म्हणाले, "साहेब, मोडलं तर घ्यावं लागेल." मी म्हटलं, मोडलं तर तुमचं नशीब, तुमचा वाईट माल ओळखला गेला. मोडलं नाही.

मग मी ती उचलून दुकानात चार पावलं चाललो. एका हाताने. काही कळतच नाही हातात काही आहे म्हणून.

घरी आल्यावर टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेलो. श्रुतिका आली ते ऐकू आलं. खोका उघडल्याचं ऐकू आलं. शेवटी ती दारात येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "आठवड्याच्या आठवड्याला ने-आण करणार तर हँडलचे स्क्रू महिन्यातून एकदा तपासत जा."

"तपासेन."

"ढिले झाले तर पिळायचे नाहीत. मला सांगायचं."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्याशेजारी उभी राहून लसूण सोलायला लागली. तिला लसूण सोलायला आवडत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

जमिनीवर चादर पसरून आम्ही दोघांनी कॉम्प्युटर जोडला. मदरबोर्ड सतरा सेंटीमीटर चौकोनी, पापडाएवढा. तो एका बाजूला, त्याच्या पाठीला पाठ लावून ग्राफिक्स कार्ड. तेच बिस्किटं उडवतं. कार्ड तीस सेंटीमीटर चार मिलीमीटर, जागा तीस सेंटीमीटर सात मिलीमीटर. मी आधीच मोजून सांगितलं होतं, तरी ते आत सरकेपर्यंत दोघांनी श्वास रोखला होता.

वायरी कोंबताना ती चिडली. मी तिला कपाटाच्या लॉकच्या सळ्या कशा बसवतात ते सांगितलं, आधी लांबचं, मग जवळचं. तसं केल्यावर बसल्या. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच. वाट लागली म्हणाली. मी म्हटलं, मॉनिटरची पिन. पिन निघालेली होती. कारखान्यात दहापैकी सहा ब्रेकडाउन पिनचेच असायचे.

धाकूची केस सुगंधाने बाल्कनीत ठेवली आहे. सुके बांगडे त्यात ठेवते. मांजराला दार उघडता येत नाही आणि दोनशे चाळीस भोकांतून हवा उत्तम खेळते.

२० फेब्रुवारी

मालनताईंनी विचारलं, श्रुतिका कुठे निघाली. सुगंधा म्हणाली, कंपनीने जागा दिली. मी म्हटलं, कंपनीने नाही, तिने स्वतः घेतली, मैत्रिणींबरोबर. सुगंधा माझ्याकडे बघतच राहिली. मालनताई म्हणाल्या, "हुशार आहे हो." मी म्हटलं, "आहे."

आत आल्यावर दाराला कडी लावली आणि दोन ग्लास पाणी प्यायलो. हे फक्त इथे लिहितो.

१ मार्च, रविवार

सकाळी रिक्षाने निघालो. कॉम्प्युटर माझ्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरून. पवईला अर्धा तास अडकलो. श्रुतिका म्हणाली, "बाबा, खाली ठेवा, काही होत नाही." ठेवला नाही.

अंधेरीची बिल्डिंग जुनी, चौथा मजला, लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर मी दम घ्यायला थांबलो. तिने माझ्या हातातून कॉम्प्युटर घेतला, एका हाताने, आणि दुसऱ्या हातात माझी हत्यारांची पिशवी. वर निघून गेली. चपलांचा आवाज ऐकू येत होता, मग तोही बंद झाला. मी कठड्याला धरून सावकाश वर गेलो.

खोली नऊ बाय दहा. खिडकी आहे, खिडकीबाहेर गुलमोहर आहे. तिथे खरंच वारा लागतो. गंधाली आणि रेवती नावाच्या दोन मुली आहेत. गंधालीने विचारलं, "काका, चहात साखर किती?" डॉक्टरांनी बंद केली आहे. मी तोंड उघडायच्या आत श्रुतिका म्हणाली, "अर्धा चमचा. आज घेऊ देत." पाहुण्याला देतात तशी बशी खाली होती, बशीत दोन बिस्किटं. श्रुतिकाच्या घरात बसून चहा प्यायला विचित्र वाटलं. पण चहा चांगला होता.

दाराची कडी ढिली होती, ती बसवून दिली. बाथरूमचा नळ बघितला, वॉशर गेला आहे, पुढच्या वेळी आणतो म्हटलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून निघालो. ती खाली रस्त्यापर्यंत आली. रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला मुलुंडचा रस्ता तिनेच सांगितला, मला सत्तावीस वर्षं माहीत असलेला. म्हणाली, "पोचलात की फोन करा."

घरी आलो, आंघोळ केली, जेवलो, पडलो. साडेसहाला फोन वाजला.

"बाबा, एक फोन करायला काय होतं तुम्हाला? चार तास झाले. मी इथे वाट बघतेय."

म्हटलं, राहून गेलं. ती आणखी बोलत होती. तिच्या मागे कसलाच आवाज नव्हता, लिफ्टचा नाही, कोणाचा नाही, एकेक शब्द नीट ऐकू येत होता. मी मध्ये बोललो नाही. पूर्ण ऐकून घेतलं.

फोन ठेवल्यावर सुगंधाने विचारलं, "काय म्हणता चेडू?"

"ओरडली."

सुगंधा तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बरा झाला."